घोडा नोकराचा, काम पेढीचे

पूर्णा जंक्शनहून नांदेडकडे निघालेली पॅसेंजर गाडी लिंबगावच्या अलीकडे चुडावा स्थानकावर थांबते. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यात मनमाडपर्यंत जो मीटरगेज लोहमार्ग टाकला गेला, त्या मार्गावरचे हे गाव. परभणी जिल्ह्याचा पूर्णा तालुका इथे नांदेड जिल्ह्याच्या सीमेला भिडतो. जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. पिके सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा आणि पाणी असेल तिथे हळद व ऊस. माल विकायला पूर्णा, नांदेड, वसमत. लोहमार्गाने या परिसराला दूरच्या पेठा जोडून दिल्या, मात्र लोहमार्ग शिवारात जात नाही. स्थानकापासून वाडी-तांड्यापर्यंतचे अंतर माणसानेच तोडायचे असते, आणि गावाकडच्या व्यापाराचे निम्मे काम त्याच अंतरात होते.

कृषी सेवा केंद्र असो, भुसाराची आडत असो वा किराण्याचे घाऊक दुकान, गल्ल्यावर बसून सगळा धंदा होत नाही. उधारीची वसुली करायची असते. छोट्या दुकानदारांच्या ऑर्डरी गोळा करायच्या असतात. कुणाकडे सोयाबीन तयार आहे, कुणाचा कापूस वेचून झाला, हे पाहून यायचे असते. बँकेत भरणा, बाजार समितीत कागद, ट्रान्सपोर्टवर बिल्टी सोडवणे, अडलेल्या गिऱ्हाइकाला एखादी वस्तू पोहोचवणे, ही सारी कामे दुकानातला मुनीम, गुमास्ता किंवा पोऱ्या करतो. तो ती करतो मोटारसायकलवर, आणि ती मोटारसायकल बहुधा त्याची स्वतःची असते.

नोकरी मागायला आलेल्या तरुणाला पहिला प्रश्न शिक्षणाचा, दुसरा ‘गाडी आहे का?’ असा विचारला जातो. वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातींत ‘स्वतःची दुचाकी असणे आवश्यक’ ही ओळ इतकी रुळली आहे की तिचा अर्थ काय होतो, याचा विचार क्वचितच होतो. ती ओळ सांगते की पेढीच्या धंद्याला लागणारे एक भांडवली साधन नोकराने स्वतःच्या पैशाने आणायचे आहे. दुकानाचा वजनकाटा नोकराने आणावा, असे कोणताही मालक म्हणणार नाही. गोदामाचे कुलूप, संगणक किंवा बिलबुकाविषयीही कुणी तसे म्हणत नाही. मोटारसायकलीपुरता मात्र हा विचार आपोआप बाजूला पडतो, कारण ती नोकराच्या घरासमोर उभी असते आणि त्याच्या मुलांना शाळेतही सोडते.

शिलेदार आणि बारगीर

हा प्रश्न मराठी मुलखाला नवा नाही. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. आणि स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. शिलेदाराचा मुशाहिरा बारगिरापेक्षा अधिक असे, कारण त्या रकमेत घोड्याचा दाणावैरण, नाल, खोगीर आणि घोडा म्हातारा झाल्यावर दुसरा घेण्याची तजवीज धरलेली असे. राज्याने घोडा पुरवला नाही, तर घोड्याचा खर्च पगारात दिसला पाहिजे, हे त्या काळी सर्वांना मान्य होते.

शिवाजी महाराजांच्या लष्करव्यवस्थेत पागेच्या बळावर अधिक भर होता. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी ती उतरंड. शिलेदारही होते, परंतु पागेचे बळ प्रधान ठेवण्याकडे कल होता. याचे कारण साधे होते. ज्याचा घोडा सरकारी, तो घोड्याची चिंता न करता हुकूम पाळतो. ज्याचा घोडा स्वतःचा, तो रणात उतरताना दोनदा विचार करतो. घोडा पडला तर त्याच्या घरची चूलच पडणार असते. पुढच्या काळात शिलेदारांची संख्या वाढली तेव्हा नेमकी हीच उणीव इतिहासकारांनी नोंदवली आहे.

इंग्रजांनी ही पद्धत आपल्या हिंदी रिसाल्यांत उचलली. हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंटचे एक ठाणे होते, आणि त्या फौजेचे स्वारही शिलेदारी पद्धतीचेच. इंग्रजी अमलातील शिलेदारी पलटणींत एक महत्त्वाची भर पडली. प्रत्येक स्वाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापून पलटणीचा एक निधी उभारला जाई. त्याला चंदा फंड म्हणत. एखाद्याचा घोडा मेला वा निकामी झाला, तर या फंडातून त्याला दुसरा घोडा मिळण्यास मदत होई. म्हणजे नुकसानीचा भार एकट्या स्वारावर न राहता सर्वांत वाटला जाई. पहिल्या महायुद्धात घोडे इतक्या वेगाने पडू लागले की या फंडाने आणि या पद्धतीने हात टेकले. १९२१ च्या सुमारास शिलेदारी पद्धत मोडीत निघाली आणि सरकारने घोडे स्वतः पुरवण्यास आरंभ केला.

शेकडो वर्षांच्या या अनुभवातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. साधन नोकराचे असेल तर त्याचा मोबदला वेगळा हवा. साधन मोडल्यास काय, याची तजवीज आधी हवी. आणि काम फार वाढले, तर साधन मालकानेच पुरवणे शहाणपणाचे. आजच्या मोटारसायकलीला या तीनही गोष्टी जशाच्या तशा लागू पडतात.

पेट्रोल म्हणजे गाडीचा खर्च नव्हे

चांगले मालक पेट्रोलचे पैसे देतात. काही जण महिन्याला ठरावीक रक्कम देतात, काही पंपावर खाते उघडून ठेवतात. यात त्यांचा हेतू नितळ असतो, आणि गाडीचा सगळा खर्च आपण दिला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. हिशेबाची सवय असलेल्या घराने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

समजा, नोकर रोज पेढीच्या कामासाठी ५० किलोमीटर फिरतो. महिन्याचे २५ दिवस धरले तर १,२५० किलोमीटर, वर्षाचे १५,०००. गाडी लिटरला ५० किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे, असे धरू. वर्षाला ३०० लिटर, म्हणजे ३१,५०० रुपये. हे झाले पेट्रोल.

आता उरलेले. ऑइल, सर्व्हिसिंग, टायर, चेन, ब्रेक यांचे वर्षाला ९,००० रुपये. विमा व पीयूसीचे २,४००. गाडी ९०,००० रुपयांना घेतली आणि सहा वर्षांत ९०,००० किलोमीटर चालवून २५,००० रुपयांना विकली, तर घसारा ६५,००० रुपयांचा. वर्षाला सुमारे १०,८३३. या सगळ्याची बेरीज ५३,७३३ रुपये. त्याला १५,००० ने भागले की किलोमीटरला ३ रुपये ५८ पैसे पडतात. पेट्रोल त्यातले फक्त २ रुपये १० पैसे.

मालकाने पेट्रोलचा पैसा अन् पैसा चुकता केला, तरीही वर्षाकाठी २२,००० रुपयांहून अधिक खर्च नोकराच्या खिशातून होतो. महिन्याला सुमारे १,८५० रुपये. गाडी हप्त्यावर घेतली असेल तर कर्जाचे व्याज यात धरलेलेच नाही. कच्च्या रस्त्यावर, पावसाळ्यात काळ्या चिखलात चाक रुतवत चालवलेल्या गाडीचा दुरुस्तीखर्च डांबरी रस्त्यावरच्या गाडीएवढा राहत नाही, तोही वेगळा. आकडे प्रत्येक गावी, प्रत्येक गाडीला बदलतील. मांडणी बदलणार नाही. स्वतःच्या ट्रकचा, ट्रॅक्टरचा घसारा जे घर दरवर्षी वहीत लिहिते, त्याच घराच्या कामावर नोकराच्या गाडीचा घसारा कुणाच्याही वहीत लिहिला जात नाही. तो होतच नाही असे मात्र नाही. सहा वर्षांनी गाडी विकायला निघाली की नोकराला तो एकदम दिसतो.

हा अनुभव दुकानातल्या नोकरांपुरता मर्यादित नाही. औषध कंपनीचा एम.आर. डॉक्टरांच्या दारोदार स्वतःच्या दुचाकीवर फिरतो; त्याला कंपनीच्या भाडे-तक्त्याप्रमाणे प्रवासखर्च आणि रोजचा भत्ता मिळतो, पण त्या तक्त्यातील दर पेट्रोलच्या भावामागे धावताना नेहमी मागे पडतात. ग्रामसेवक दोन-तीन गावांचा कारभार स्वतःच्या गाडीवर पाहतो आणि त्याला ‘कायम प्रवास भत्ता’ मिळतो. तो कायम आहे याचा अर्थ कितीही फिरले तरी रक्कम तीच. विमा, बँक, पतसंस्था आणि सूक्ष्म वित्त कंपन्यांचे वसुली कर्मचारी यांचेही तेच. व्यापारी घरांतील मुले, सुना आणि जावई आज अशाच नोकऱ्यांत आहेत. म्हणून हा प्रश्न मालक आणि नोकर अशा दोन तटांतला राहिलेला नाही. एकाच घरात एक भाऊ दुकानात नोकराला पेट्रोलचे पैसे देत असतो आणि दुसरा पुण्यात कंपनीकडे प्रवासखर्चाचे बिल भरत असतो.

परदेशांत याला वेगवेगळी उत्तरे शोधली गेली आहेत. अमेरिकेत करखात्याने २०२५ सालासाठी कामाच्या प्रवासाचा मैलामागे ७० सेंट हा दर ठरवला. या दरात इंधनाबरोबर देखभाल, विमा आणि घसाराही धरलेला असतो. कॅलिफोर्निया राज्यात तर नोकराने कामासाठी केलेला आवश्यक खर्च मालकाने भरून देणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे छोट्या दुकानाच्या नोकराला असा थेट हक्क देणारी तरतूद सहज हाती लागत नाही. त्यामुळे इथे बरेचसे मालकाच्या न्यायबुद्धीवर आणि लेखी करारावर अवलंबून राहते.

अपघात झाला तर

पैशाचा हिशेब चुकला तर पुढच्या महिन्यात सुधारता येतो. रस्त्यावर जे घडते ते सुधारता येत नाही, आणि या विषयातील खरी जोखीम तिथे आहे.

मराठवाड्यातीलच एक प्रकरण या दृष्टीने प्रत्येक मालकाने जाणून घ्यावे असे आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार. त्याची पाळी पहाटे तीन ते सकाळी अकरा. २२ एप्रिल २००३ रोजी तो स्वतःच्या मोटारसायकलवरून कामावर निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटर अंतरावर अपघातात मृत्यू पावला. कुटुंबाने कामगार भरपाई कायद्याखाली दाद मागितली. उस्मानाबादच्या आयुक्त-न्यायालयाने २००९ मध्ये ३,२६,१४० रुपये आणि त्यावर १२ टक्के व्याज मंजूर केले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०११ मध्ये तो निर्णय फिरवला. अपघात कामाच्या जागी झालेला नाही, हे त्यामागचे कारण. अखेर २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. घरून कामावर जाताना वा कामावरून घरी येताना झालेला अपघात, त्याची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध सिद्ध होत असेल, तर नोकरीच्या ओघातच झाला असे मानावे, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले.

अपघात आणि अंतिम निकाल यांच्यामध्ये बावीस वर्षे गेली. एवढ्या काळात घरातली लहान मुले संसाराला लागतात.

तत्त्व अगदी नवे होते असेही नाही. मुंबईच्या बेस्ट उपक्रमाचा एक बसचालक १९५७ साली आपली पाळी संपवून जोगेश्वरीच्या आगारातून दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला होता. त्या बसला अपघात होऊन तो दगावला. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की हा मृत्यूही नोकरीच्या ओघातला आहे. त्या प्रकरणात वाहन उपक्रमाचे होते. धाराशिवच्या प्रकरणात ते नोकराचे स्वतःचे होते. कामगार राज्य विमा कायद्यात अशा ये-जा करतानाच्या अपघातांविषयी २०१० मध्ये वेगळे कलम घातले गेले, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व आले आहे.

घरून कामावर येतानाच्या अपघातालाही जर कायदा नोकरीशी जोडतो, तर मालकाने सांगितलेल्या वसुलीला जाताना झालेल्या अपघाताविषयी शंका उरायला जागाच फार थोडी. ‘गाडी त्याची, चालवत तो होता’ एवढे म्हणून पेढीला बाजूला होता येत नाही. शिवाय कामावर असलेल्या नोकराच्या गाडीने वाटेत तिसऱ्याच माणसाला इजा झाली, तरी मालकाच्या जबाबदारीचा प्रश्न उभा राहू शकतो.

विम्याच्या कागदातली बारीक अक्षरे

‘गाडीचा विमा आहे’ या वाक्यावर बहुतेकांचे समाधान होते. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत मात्र ‘वापराच्या मर्यादा’ या मथळ्याखाली काही ओळी असतात. भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेला वापर, शर्यत आणि मोटारींच्या धंद्यासाठीचा वापर यांना विम्याचे संरक्षण नसते. मालाची ने-आणही त्यातून वगळलेली असते. अपवाद नमुन्यांचा आणि स्वतःच्या सामानाचा. औषधाचे नमुने पिशवीत घेऊन फिरणारा एम.आर. या अपवादात बसतो. मागच्या सीटवर युरियाची गोणी बांधून निघालेला दुकानाचा पोऱ्या बसत नाही. त्याच्या गाडीचे नुकसान झाले आणि विमा कंपनीने दावा नाकारला, तर तो कुणाकडे जाणार?

दुसरी बाब वैयक्तिक अपघात विम्याची. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे अपघात संरक्षण घेणे सक्तीचे आहे. पण ते गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठी, आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल तर. गावाकडे गाडी वडिलांच्या वा मोठ्या भावाच्या नावावर असते आणि चालवतो दुसराच. मागून आणलेली गाडी चालवणारा मूळ मालकाच्या जागी धरला जातो, तो ‘त्रयस्थ’ ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका प्रकरणात सांगितले आहे. म्हणजे ना मालकाचे संरक्षण, ना त्रयस्थाची भरपाई, अशा पोकळीत तो सापडू शकतो.

तिसरी बाब क्रमांकाच्या पाटीची. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने प्रवासी वा माल नेण्यासाठी वापरता येत नाही. ॲपच्या माध्यमातून खासगी वाहनांनी प्रवासी नेण्याविरुद्ध महाराष्ट्र शासनाने १९ जानेवारी २०२३ रोजी अधिसूचना काढली, हे अनेकांना आठवत असेल. नोकराला ‘फेरीमागे इतके’ असे भाडे ठरवून त्याच्या खासगी गाडीवर माल पाठवणारा दुकानदार नकळत त्याच वाटेने जातो. प्रवासखर्च भरून देणे वेगळे, गाडी भाड्याने लावणे वेगळे. कागदावर हा फरक दिसला पाहिजे.

हाच नियम उलट्या बाजूने

निवडणुका आल्या की तहसीलकडून जीप, टेम्पो, ट्रक ताब्यात घेतले जातात, हे व्यापारी घरांना चांगले ठाऊक आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १६० खाली सरकारला तो अधिकार आहे. पण लगेच पुढचे कलम १६१ सांगते की वाहनमालकाला भरपाई द्यावी, आणि ती त्या भागात चालू असलेल्या भाड्याच्या दरावरून ठरवावी. रक्कम मान्य नसेल तर दाद मागण्याची सोयही तिथे आहे. आपली जीप दोन दिवस सरकारी कामाला गेली आणि फक्त डिझेलचे पैसे हातावर ठेवले गेले, तर कोणता व्यापारी ते मुकाट्याने घेईल? गाडी झिजली, दोन दिवसांचा धंदा बुडाला, असे तो म्हणेल, आणि त्याचे म्हणणे रास्तच असेल.

नोकराची मोटारसायकल वर्षाचे तीनशे दिवस पेढीच्या कामाला जाते. लोकशाहीच्या सर्वांत मोठ्या कामासाठीही दुसऱ्याचे वाहन मोबदल्याशिवाय घेऊ नये, असे ज्या देशाचा कायदा म्हणतो, त्या देशात दुकानाच्या वसुलीसाठी निराळा न्याय असण्याचे कारण नाही.

श्रावकाचाराची भाषाही या ठिकाणी आठवते. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण सांगितले आहे: आपल्या आश्रयाला असलेल्या प्राण्यावर वा माणसावर त्याच्या शक्तीबाहेर ओझे लादणे. त्याच्याच जोडीला अन्नपाननिरोध आहे, म्हणजे आश्रिताच्या अन्नपाण्यात अडथळा आणणे. अतिभाराचा अर्थ लावताना बैलाच्या पाठीवरच्या गोणीचे उदाहरण दिले जाते. आज गोणी मोटारसायकलवर असते. तिचे वजन महिन्याअखेर नोकराच्या पगारातून वजा होते आणि त्याच्या घरच्या दुधाकिराण्यात जाणवते. अचौर्याणुव्रतातील खोट्या मापाचा अतिचार तराजूपुरता समजला जातो. पण मोबदल्याचे मापही मापच आहे. ज्या समाजाने ही सूक्ष्मता शतकानुशतके आचारात जपली, त्याला पेट्रोल आणि घसारा यांतला फरक कळणे अवघड नाही.

मालकाची बाजू आणि व्यवहार्य वाट

मालकाच्याही अडचणी खऱ्या आहेत. किलोमीटर वाढवून सांगितले जातात. सासुरवाडीची फेरी वसुलीच्या खात्यात पडते. छोट्या दुकानाला दोन-दोन गाड्या घेऊन ठेवणे परवडत नाही. घेतल्या तर त्या रात्री कुठे उभ्या असतात आणि कोण चालवतो, याची चिंता वेगळीच. या शंकांना उत्तर नियमाने द्यावे लागते; निव्वळ विश्वासाने किंवा निव्वळ संशयाने ते मिळत नाही.

पहिली वाट शिलेदारीची. गाडी नोकराची राहील, पण किलोमीटरमागे दर ठरेल, आणि त्या दरात पेट्रोल, देखभाल, विमा व घसारा हे चारही घटक असतील. रोजची फेरी एका वहीत लिहायची: तारीख, गाव, काम, निघतानाचे आणि परतल्यावरचे मीटर. आठवड्याला मालकाने सही करायची. चुडाव्याहून पूर्णा किती, लिंबगाव किती, हे सर्वांनाच माहीत असल्याने फसवणुकीला फारसा वाव उरत नाही. पेट्रोलचा भाव ठरावीक मर्यादेपलीकडे हलला की दर बदलेल, हेही आधीच ठरवावे. हा पैसा पगारापासून वेगळा दाखवावा, व्हाउचर ठेवावे. पेढीच्या हिशेबात तो धंद्याचा खर्च आहे आणि नोकराच्या हातात तो उत्पन्न नसून परतफेड आहे, हे करसल्लागारालाही त्यामुळे स्पष्ट होते.

दुसरी वाट बारगिरीची. ज्या नोकराचे फिरणे रोजचे आणि लांबचे आहे, किंवा ज्याला माल न्यावाच लागतो, त्याच्यासाठी पेढीच्या नावावर गाडी घ्यावी. माल नेण्यासाठी मालवाहू परवान्याचेच वाहन वापरावे. वर मांडलेला हिशेब पाहिला तर वर्षाला १५,००० किलोमीटर फिरणाऱ्यासाठी गाडी घेणे फार महाग पडत नाही, उलट घसाऱ्याचा लाभ पेढीलाच मिळतो. गाडीची चावी संध्याकाळी दुकानात जमा झाली की खासगी वापराचा प्रश्नही संपतो.

तिसरी गोष्ट या दोन्ही वाटांना लागू आहे, ती चंदा फंडाची. एकट्यावर आलेले संकट सर्वांनी वाटून घ्यावे, हा त्यातला विचार आज विम्याच्या रूपाने स्वस्तात मिळतो. प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजनेत १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण आहे; नोकराचा हा हप्ता भरणे ही कोणत्याही दुकानासाठी क्षुल्लक बाब. त्यावर पेढीने आपल्या सर्व फिरत्या माणसांचा समूह अपघात विमा घ्यावा. आपल्या कामाला जाणाऱ्या गाडीचे आर.सी. बुक, विमा आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती दुकानात ठेवाव्यात, आणि त्यांची मुदत संपण्याची तारीख उधारीच्या तारखेइतक्याच काळजीने टिपून ठेवावी. चांगले हेल्मेट पेढीने द्यावे. अंधार पडल्यावर रोकड घेऊन एकट्याने परतण्याची वेळ नोकरावर येऊ नये, अशी वसुलीची वेळ आखावी. जिथे ऑनलाइन भरणा होऊ शकतो तिथे फेरीच टाळावी.

आणि हे सारे एका कागदावर लिहावे. नेमणुकीच्या वेळी पगार तोंडी ठरतो, सुट्ट्या तोंडी ठरतात आणि गाडीचा विषय तर निघतच नाही. गाडी कुणाची, कोणत्या कामासाठी, किलोमीटरचा दर काय, गाडी बिघडल्यास त्या दिवशी काय करायचे, अपघात झाल्यास पेढी काय करील, आणि एखाद्याने ‘माझी गाडी कामाला देता येणार नाही’ असे सांगितले तर त्याची नोकरी जाईल की त्याला दुसरे काम मिळेल: एवढ्या सहा प्रश्नांची उत्तरे अर्ध्या पानात मावतात. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. नकार देण्याची मोकळीक नसेल, तर संमतीला अर्थ राहत नाही.

दिवाळीला वीरनिर्वाणाच्या नव्या संवताबरोबर पेढ्यांवर नवी वही मांडली जाते. तिच्यात खरेदी, विक्री, व्याज, भाडे, हमाली अशी खाती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. यंदा त्यात ‘कर्मचारी वाहनखर्च’ हे एक खाते नव्याने उघडावे, आणि पहिल्या नोंदीपूर्वी दुकानाबाहेर उभ्या असलेल्या मोटारसायकलीच्या मीटरचा आकडा नोकराला विचारून लिहून घ्यावा.